कठोर सत्य आणि कोवळे वय

१९६८ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी कलकत्ता, मुंबई, मद्रास आणि दिल्ली या चार महानगरांवर ‘ए टेल ऑफ फोर सिटीज’ या नावाचा सुमारे सोळा मिनिटांचा एक अनुबोधपट निर्माण केला, आणि एकाच नगरात परस्परांना खेटून नांदणारे वैभव व दैन्य यांचे दर्शन घडविताना मुंबईच्या वेश्यावस्तीतील काही ओझरती दृश्येही त्यांनी त्यात दाखविली. अभ्यवेक्षण (सेन्सॉर) मंडळाने हा अनुबोधपट केवळ प्रौढांस योग्य ठरविला. अब्बासांनी वर दाद मागितली तेव्हा, वेश्यावस्तीतील दृश्ये गाळाल तर सर्वांसाठीचा दाखला मिळेल, असे सरकारने कळविले. आणि ही काटछाट नामंजूर करून अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने एकही दृश्य न गाळता ‘यू’ दाखला देण्याची तयारी दर्शविली, तरी अब्बासांनी आपली फिर्याद मागे न घेता तत्त्वाचा प्रश्न लावून धरला. सप्टेंबर १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पीठाने चित्रपटांचे पूर्वपरीक्षण घटनेशी सुसंगत असल्याचा निर्णय दिला आणि त्याबरोबरच, परीक्षकांच्या मर्जीवर सर्व काही न सोपविता त्यांना स्पष्ट निकष घालून द्यावेत, असेही बजावले.

कायद्याच्या अभ्यासकांना हा खटला पूर्वपरीक्षणाच्या वैधतेसाठी स्मरतो. मला मात्र त्यात आणखी एक प्रश्न दिसतो, आणि तो अद्यापि सुटलेला नाही. अब्बासांनी जी वस्ती दाखविली तिच्यात मुले वाढत होती. तिच्या रस्त्यांवरून दप्तर घेऊन शाळेस जाणारी मुलेमुलीही होती. ते वास्तव प्रत्यक्ष पाहण्यास, सोसण्यास आणि त्यातूनच जगण्याची वाट काढण्यास त्यांना कोणी मज्जाव केला नव्हता; मात्र कोणी जाणत्या माणसाने त्या वास्तवाची कारणमीमांसा करून ते पडद्यावर मांडले, तेव्हा ते पाहण्यास तुमचे वय लहान आहे, असा हुकूम निघाला. तेरा ते अठरा या वयातील मुलामुलींनी समाजातील दुःखाचे, अन्यायाचे व हिंसेचे प्रामाणिक दर्शन घडविणारे अनुबोधपट अवश्य पाहावेत, ते समंजस वडीलधाऱ्यांच्या सोबतीने पाहावेत, आणि कायद्याने व शाळेने त्यांच्या या पाहण्याची तजवीज करावी, असे माझे मत आहे. ते सविस्तर मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

पूर्वपरीक्षणाचे समर्थन करताना न्यायालयाने किशोरवयाचा विचार केला होता, ही गोष्ट प्रथमच मान्य केली पाहिजे. चलच्चित्र हे अन्य कलांपेक्षा भावनेला अधिक खोल भिडते, आणि मुले व किशोर आपल्या अपरिपक्वतेमुळे पडद्यावरच्या घटनांत स्वतःला हरवून बसतात व त्यांचे अनुकरण करू पाहतात, असा त्या विवेचनाचा आशय होता. हे म्हणणे निराधार नाही. ज्या चित्रपटात नायक शत्रूची खांडोळी करतो आणि पार्श्वसंगीत त्याचा जयजयकार करते, तो पाहून एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात पराक्रमाविषयी विपरीत कल्पना रुजणे अगदी शक्य आहे. परंतु जो अनुबोधपट मारल्या गेलेल्या माणसाच्या घरी जातो, त्याच्या विधवेचे बोलणे थांबून ऐकतो, पोलीस चौकीतला जबाब आणि गावातली कुजबुज यांचा ताळा घालतो, त्यात अनुकरण करावे असे काहीच नसते. हिंसेची खरी किंमत कोणाला मोजावी लागते, एवढेच तो दाखवितो. दोहोंत रक्त दिसते म्हणून दोहोंना एकच दाखला देणे, हे माझ्या मते परीक्षणाच्या मूळ हेतूलाच सोडून आहे. त्याच निकालपत्रात न्यायमूर्तींनी असाही इशारा दिला होता की, समाजातील अत्यंत दुर्बळ वा विकृत मनाच्या संरक्षणाचा मापदंड लावून निरोगी मनाच्या माणसाने काय पाहावे व वाचावे हे ठरवू नये. आणि या इशाऱ्याचा विचार किशोरांच्या संदर्भात आपण क्वचितच केला आहे.

दाखल्यांची आपली व्यवस्था कशी घडत गेली, हे येथे थोडक्यात सांगणे जरूर आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने सर्वांसाठी ‘यू’ आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ‘ए’ असे दोन दाखले ठरविले. १९८३ साली मंडळाचे नाव बदलून ते ‘केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ’ झाले आणि त्याच सुमारास पालकांच्या मार्गदर्शनाची सूचना देणारा ‘यूए’ व विशिष्ट व्यावसायिकांपुरता ‘एस’ असे आणखी दोन दाखले आले. बारा वर्षांखालील मुलांचाच विचार करणारा हा ‘यूए’ दाखला अपुरा आहे, हे उघड होते. २०१६ साली श्याम बेनेगल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचे वयानुसार पोटविभाग करण्याची शिफारस केली, आणि २०२३ च्या दुरुस्तीने सात, तेरा व सोळा अशा तीन पायऱ्या त्यात निर्माण केल्या. या दुरुस्तीतील सर्वांत शहाणपणाची तरतूद अशी की, या तीन पायऱ्यांचे पालन करणे वा न करणे हे पालकांच्या विवेकावर सोपविलेले आहे. चित्रपटगृहाच्या दारावरील माणसाला त्या आधारे मुलाला परत पाठविण्याचा अधिकार नाही. ‘ए’ दाखल्याचा मज्जाव मात्र पूर्ववत कायम आहे, आणि त्यापुढे आईवडिलांच्या संमतीलाही कायद्यात काही किंमत नाही.

म्हणून कोणता अनुबोधपट सोळा वर्षांच्या पायरीवर थांबतो आणि कोणता ‘ए’च्या कुंपणापलीकडे जातो, हा प्रश्न केवळ दफ्तरी तपशिलाचा राहत नाही. १९८३ च्या नियमांनुसार लघुपटाचे परीक्षण एक परीक्षण अधिकारी आणि सल्लागार मंडळातील एक सभासद अशा दोघांनी करावयाचे, असा शिरस्ता होता. आणि आपले पुष्कळसे अनुबोधपट लांबीने लघुपटांतच मोडतात. दोन माणसांच्या एका बैठकीतल्या मतावर एखाद्या निर्मात्याची तीनचार वर्षांची मेहनत अवलंबून राहते. पूर्वी त्याविरुद्ध अपील करण्यास एक स्वतंत्र न्यायाधिकरण होते. २०२१ मध्ये ते बरखास्त झाले, आणि आता दाद मागावयाची तर उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. मोठ्या चित्रपटसंस्थेला हा खर्च परवडतो. उसन्या कॅमेऱ्यावर आणि मित्रांच्या वर्गणीवर काम करणाऱ्या अनुबोधपटकाराला तो परवडत नाही, म्हणून मिळेल तो दाखला तो निमूटपणे स्वीकारतो, किंवा दाखल्याच्या वाटेलाच जात नाही. जो दाखला घेत नाही त्याची कृती बहुधा महोत्सवांतून, सरकारने दिलेल्या सवलतीखाली दाखविली जाते, आणि अशा महोत्सवांत प्रवेशासाठी सामान्यतः अठरा वर्षांची अट असते. दोन्ही वाटांनी किशोर प्रेक्षक बाहेरच राहतो.

हा केवळ आपल्याकडचा दोष आहे, असे नाही. अमेरिकेत ली हर्श यांचा ‘बुली’ हा अनुबोधपट आला, त्याचा विषयच शाळेत दुबळ्या मुलांचा होणारा छळ हा होता. आणि शाळेच्या बसमध्ये एका मुलाला त्याचे सोबती ज्या शिव्या देतात, त्या जशाच्या तशा ऐकू येतात या कारणास्तव तेथील चित्रपट उद्योगाच्या श्रेणी मंडळाने त्याला ‘आर’ श्रेणी दिली. याचा अर्थ असा की, सतरा वर्षांखालील मुलामुलींनी पालकाशिवाय तो पाहू नये. फेब्रुवारी २०१२ मध्ये या श्रेणीविरुद्धचे अपील केवळ एका मताने फेटाळले गेले. मिशिगनमधील एका शाळकरी मुलीने काढलेल्या विनंतिपत्रावर लक्षावधी लोकांनी सह्या केल्या. चित्रपट प्रथम श्रेणीविनाच प्रदर्शित झाला, आणि पुढे दोनतीन ठिकाणचे अपशब्द काढल्यावर त्याला तेरा वर्षांवरील मुलांसाठीची श्रेणी मिळाली, तीही बसमधला तो मुख्य प्रसंग अबाधित ठेवून. छळ सोसणारा मुलगा त्या शिव्या रोज ऐकतो, छळ करणारा त्या रोज उच्चारतो, आणि इतर मुले त्या रोज ऐकून गप्प बसतात. या तिघांनाही एकत्र बसवून त्या शब्दांचा परिणाम दाखविणे हाच ज्या कृतीचा हेतू, तिला शब्दांची मोजदाद करून अडविणे म्हणजे परीक्षणाने स्वतःचे प्रयोजन विसरणे होय.

परीक्षणाच्या नावाखाली प्रत्यक्षात दुसरेच काही झाकले जाते, याचीही साक्ष इतिहासात आहे. आलँ रेने या फ्रेंच दिग्दर्शकाने नाझी छळछावण्यांवर केलेला ‘नाइट अँड फॉग’ हा बत्तीस मिनिटांचा अनुबोधपट १९५६ मध्ये प्रदर्शित होण्यापूर्वी फ्रेंच परीक्षकांनी त्यातील एका छायाचित्रावर हरकत घेतली. त्या छायाचित्रात पितिव्हिए येथील छावणीवर पहारा करणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी दिसत होती, आणि यहुद्यांच्या हत्येस फ्रेंच राज्ययंत्रणेने केलेले साहाय्य त्या टोपीमुळे उघड होत होते; ती टोपी झाकावी लागली. ज्या चित्रपटात प्रेतांचे ढीग दिसतात, त्यात परीक्षकांना एका टोपीचे भय वाटावे, यावरून संरक्षण कोणाचे चालले होते हे ध्यानात येते. पुढे हाच अनुबोधपट फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना शाळेत दाखविला गेला, आणि १९९० मध्ये कार्पांत्रा येथील यहुदी दफनभूमीची विटंबना झाली तेव्हा तेथील दूरचित्रवाणीने तो राष्ट्राला पुन्हा दाखविला. त्या पिढ्यांतील मुलांना तो पाहताना क्लेश झाले असतीलच. मात्र आपल्या देशाच्या इतिहासातील लांच्छन त्यांना ऐकीव गोष्ट म्हणून नव्हे, तर पुराव्यासह कळले, आणि नागरिक होण्याच्या शिक्षणात या कळण्याला मोठे स्थान आहे.

आपल्याकडे आनंद पटवर्धन यांच्या अनुबोधपटांचा प्रवास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. पुरुषार्थाच्या विकृत कल्पना आणि धर्मद्वेषाची हिंसा यांचा संबंध तपासणाऱ्या ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ या त्यांच्या दोन भागांच्या कृतीपैकी दुसऱ्या भागाला ‘ए’ दाखला होता. दूरदर्शनने ती दाखविण्यास नकार दिला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने, एखादे दृश्य सुटे काढून न पाहता कृती समग्रपणे पाहिली पाहिजे, असे सांगून ती दाखविण्याचा आदेश कायम केला. अयोध्येतील आंदोलनावरचा ‘राम के नाम’ हा त्यांचा अनुबोधपट तर मंडळाने ‘यू’ दाखल्याने सर्वांसाठी खुला केलेला, राष्ट्रीय पुरस्काराने गौरविलेला आणि न्यायालयाच्या आदेशाने दूरदर्शनवर दाखविलेला. असे असूनही २०१९ मध्ये यूट्यूबने त्यावर वयाचे निर्बंध घातले. भारतीय कायद्याने जे लहान मुलालाही पाहण्यास मोकळे ठेवले, ते परदेशी कंपनीच्या यंत्रणेने सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यापासून दूर केले. वयाची मर्यादा ठरविणारे हात आता एकाहून अधिक झाले आहेत आणि त्यांपैकी सर्वच हात आपल्याला उत्तर देण्यास बांधलेले नाहीत, ही नवी परिस्थिती पालकांनी ओळखली पाहिजे.

अनुबोधपटावर असे निर्बंध असताना त्याच मुलाच्या खिशातील फोनवर काय चालते, याचा विचार करावा. जमावाने एखाद्या निरपराध माणसाला मारल्याची दृश्ये, अपघाताची दृश्ये, कोणाच्या तरी बेअब्रूची दृश्ये त्याच्यापर्यंत कोणत्याही दाखल्यावाचून, कोणत्याही संदर्भावाचून आणि बहुधा टवाळीच्या शब्दांसह पोहोचतात. ती कोणी काढली, का पसरविली, मार खाणाऱ्याचे पुढे काय झाले, खटला उभा राहिला की नाही, यांपैकी काहीही त्याला समजत नाही. समजते ते एवढेच की, माणूस मरताना पाहणे ही क्षणभराची करमणूक आहे आणि बोट सरकविले की पुढची करमणूक सुरू होते. या भडिमारापासून मुलाला पूर्णपणे दूर ठेवण्याचे सामर्थ्य आज कोणत्याही घरात वा सरकारात नाही. अशा वेळी ज्या कृतीत हिंसेला नाव, गाव, कारण आणि परिणाम आहे, जी पाहणाऱ्याला दोन घटका थांबावयास लावते, तीच तेवढी वयाच्या नावाखाली त्याच्यापासून हिरावून घेतली, तर आपण त्याला हिंसेपासून वाचविले असे होत नाही. हिंसेचा अर्थ समजून घेण्याच्या साधनापासून आपण त्याला वंचित केले, असे होते.

किशोरवयाच्या आकलनशक्तीविषयी इतकी शंका बाळगण्यास मराठी परंपरेत तरी आधार नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात मांग व महार यांच्या दुःखाविषयी जो निबंध प्रसिद्ध झाला, तो पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीने लिहिला होता, आणि तेव्हा तिचे वय चौदा वर्षांच्या सुमाराचे होते. आपल्या जातीच्या माणसांना इमारतींच्या पायात गाडले जात असे, अशी अंगावर काटा आणणारी हकिगत तिने त्यात सांगितली आणि ज्या धर्मात आपल्याला स्थान नाही त्याविषयी थेट ईश्वरालाच प्रश्न विचारला. आजच्या निकषांनी तिचा हा निबंध तिच्याच वर्गात वाचण्यास कदाचित कोणी हरकत घेईल. ‘श्यामची आई’ हे पुस्तक तर आपण लहान मुलांच्या हाती निःशंकपणे देतो. त्यात कर्जापायी होणारी मानहानी आहे, दारिद्र्य आहे, आईचा मृत्यू आहे, आणि आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले तेव्हा, हे दुःख मुलांना सोसणार नाही, अशी भीती महाराष्ट्राने बाळगली नाही. दुःखदर्शनाने मन कोमेजते असे नाही, योग्य हातांनी घडविलेल्या दुःखदर्शनाने ते व्यापक होते, ही श्रद्धा आपल्या वाङ्मयाने शतकाहून अधिक काळ जोपासली आहे. पडद्यापाशी येताच ती सोडून देण्याचे कारण नाही.

या श्रद्धेची आज सर्वाधिक गरज कोठे आहे, ते एका उदाहरणाने सांगतो. दीपा भाटिया यांनी पत्रकार पी. साईनाथ यांच्या कामावर केलेल्या ‘नीरोज गेस्ट्स’ या अनुबोधपटात विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि त्यांमागील कापसाचे अर्थकारण यांचा शोध आहे. यवतमाळ वा अमरावती जिल्ह्यातील ज्या मुलीच्या शेजारच्या घरात, किंवा स्वतःच्याच घरात ही आपत्ती येऊन गेली आहे, तिला तो विषय नवा नाही. तिला नवी असेल ती एवढीच जाणीव की, जे घडले ते तिच्या बापाच्या दुबळेपणाने वा नशिबाने घडले असे नाही, त्यामागे पतपुरवठा, बाजारभाव आणि राज्यकर्त्यांची धोरणे यांचा हात होता. उलट पुण्यामुंबईच्या सुखवस्तू घरातील तिच्या वयाच्या मुलाला आपल्या अंगावरील सुती सदऱ्याचा आणि त्या मृत्यूंचा काही संबंध आहे, हे प्रथमच कळेल. एकीच्या मनावरील लाजेचे ओझे हलके होते, दुसऱ्याच्या मनात उत्तरदायित्वाची जाणीव जागी होते. पंधरासोळाव्या वर्षी हे घडले, तर अठराव्या वर्षी हातात येणाऱ्या मताचा उपयोग ती दोघे अधिक विचाराने करतील.

या मताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील दोन मला गंभीर वाटतात. पहिला आक्षेप मानसिक आघाताचा. एकाच वर्गातील सर्व मुलांची मने सारखी नसतात. जिच्यावर अत्याचार झाला आहे अशी मुलगी, ज्याच्या घरी आत्महत्या घडली आहे असा मुलगा त्या वर्गात असू शकतो, आणि पडद्यावरचे दृश्य त्यांच्या जखमेवर अनपेक्षितपणे आघात करू शकते. हे खरे आहे, आणि म्हणूनच आधी सूचना न देता, सक्तीने, शंभर मुलांना एका सभागृहात कोंडून असा अनुबोधपट दाखविण्यास माझा सक्त विरोध आहे. आपल्याकडे मुलाला विहिरीत पोहावयास शिकविताना त्याच्या पाठीला भोपळा बांधतात आणि जाणता माणूस त्याच्यासोबत पाण्यात उतरतो. पाणी खोल आहे म्हणून विहीर बुजवीत नाहीत आणि मुलाला एकट्याने ढकलूनही देत नाहीत. कठोर अनुबोधपटाच्या बाबतीत हीच रीत पाळली पाहिजे. काय दिसणार आहे हे मुलांना आधी सांगावे, ज्याला पाहवणार नाही त्याने कारण न देता उठून जाण्याची मुभा ठेवावी, आणि पाहून झाल्यावर लगेच घंटा वाजवून गणिताचा तास सुरू न करता बोलण्यास अवधी द्यावा.

दुसरा आक्षेप असा की, अनुबोधपट हाही पक्षपाती असतो. सत्याचे नाव घेऊन तो प्रचार करतो, आणि कोवळ्या मनाला हा भेद उमगत नाही. या आक्षेपातही तथ्य आहे. कॅमेरा कोठे ठेवावा, कोणाला बोलू द्यावे, कोणते वाक्य कोठे तोडावे आणि कोणत्या दृश्यामागे कोणते संगीत वाजवावे, हे सर्व कोणीतरी ठरवीत असतो, आणि द्वेष पसरविण्यासाठी सत्य घटनांचा वापर करणाऱ्या कृतीही आपण पाहिल्या आहेत. परंतु या आक्षेपाचे उत्तर मुलांना अंधारात ठेवणे हे होऊ शकत नाही, कारण अठरा वर्षे पूर्ण झाल्याच्या दिवशी ही विवेकबुद्धी आपोआप प्राप्त होत नाही. अनुबोधपटात कोणाची बाजू आली नाही, हा आकडा कोठून आला, येथे संगीत का बदलले, असे प्रश्न विचारण्याची सवय शिक्षकासमवेत पाहतानाच लागते. नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असा मापदंड सांगितला होता की, शब्दांचा परिणाम दुबळ्या व डळमळीत मनाच्या माणसावरून जोखू नये, समंजस व खंबीर माणसावरून जोखावा. आणि १९८८ मध्ये ‘तमस’ मालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तोच ग्राह्य मानला. अशी समंजस व खंबीर माणसे समाजात हवी असतील, तर ती घडविण्याचे काम किशोरवयातच सुरू झाले पाहिजे.

आता काय करावे, ते स्पष्टपणे मांडतो. प्रमाणन मंडळाने अनुबोधपटांसाठी निराळा निकष स्वीकारावा, आणि ज्या कृतीत हिंसेचे वा शोषणाचे उदात्तीकरण नाही व जिचा विषय सार्वजनिक हिताचा आहे, ती सोळा वर्षांच्या पायरीपर्यंत मान्य करणे हा सर्वसाधारण नियम मानून ‘ए’ दाखला हा अपवाद ठरवावा. आणि असा अपवाद करावयाचा झाल्यास त्याची कारणे लेखी व जाहीरपणे द्यावीत. दाखल्यावरील अक्षराबरोबरच कृतीत काय आहे याचा चारदोन ओळींचा गोषवारा पालकांना मिळावा. ब्रिटनमधील मंडळ असा गोषवारा प्रसिद्ध करते, आणि आपल्याकडेही २०२१ च्या नियमांनी ऑनलाइन चित्रपटांसोबत आशयाचा निर्देश करणे बंधनकारक केले आहे. शाळा व कनिष्ठ महाविद्यालये यांत शिक्षकाच्या देखरेखीखाली आणि पालकांच्या लेखी संमतीने होणाऱ्या प्रदर्शनांना नियमांत निःसंदिग्ध सवलत असावी, म्हणजे कोणा मुख्याध्यापकाला तक्रारीच्या धास्तीने एखादी चांगली कृती कपाटात ठेवावी लागणार नाही. चित्रपटांत दिसणाऱ्या पीडितांच्या, विशेषतः अल्पवयीन पीडितांच्या अब्रूचे रक्षण मात्र कोणत्याही सवलतीने सैल होता कामा नये.

यासाठी लागणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. भारतीयांपैकी वास्तव घटनांचे चित्रीकरण ज्यांनी प्रथम केले ते सावेदादा भाटवडेकर मुंबईचेच. १८९९ साली त्यांनी हँगिंग गार्डनमधील एका कुस्तीचे चित्रण केले, आणि तेथून या देशातील अनुबोधपटाचा इतिहास सुरू होतो. फिल्म्स डिव्हिजनचे दफ्तर १९४८ पासून मुंबईत होते, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून पुण्यात आहे, आणि चित्रपट कसा पाहावा हे सतीश बहादूर यांच्यासारख्या अध्यापकांनी पुण्यातच पिढ्यान्‌पिढ्या शिकविले. प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांनी अर्धशतकाहून अधिक काळ प्रौढांना चित्रपट दाखवून त्यावर बोलते केले आहे. या मंडळींनी आता आपले लक्ष नववी ते बारावीच्या वर्गांकडे वळवावे, शिक्षकांसाठी उन्हाळ्याच्या सुटीत छोटी प्रशिक्षणे घ्यावीत, आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान काही शाळांतून वर्षाकाठी दोनतीन अनुबोधपट चर्चेसह दाखविण्याचा पायंडा पाडावा. त्यास फार पैसा लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि मुलांच्या प्रश्नांना सामोरे जाण्याची तयारी.

पालकांना माझी विनंती याहूनही साधी आहे. कायद्याने तेरा आणि सोळा या पायऱ्यांचा निर्णय आता तुमच्या हाती दिला आहे. तो निर्णय भीतीने घेऊ नका आणि दुर्लक्षानेही घेऊ नका. आपल्या मुलाला वा मुलीला काय सोसेल हे मंडळापेक्षा तुम्ही अधिक जाणता, म्हणून एखादा कठोर अनुबोधपट प्रथम स्वतः पाहा, तो प्रामाणिक वाटला तर मुलांसमवेत पुन्हा पाहा, आणि पाहून झाल्यावर त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना, उत्तर ठाऊक नसेल तेव्हाही, टाळू नका. ज्या समाजात त्यांना उद्या मत द्यावयाचे, न्याय करावयाचा आणि अन्यायाविरुद्ध उभे राहावयाचे आहे, त्या समाजाचे खरे रूप त्यांनी तुमच्या शेजारी बसून पाहिले पाहिजे.